वांगाच्या डागांवर दोन बाटल्या: लायपोसोमल कोजिक क्रीम आणि थायामिडॉल सीरम

धाकटीच्या बाळंतपणानंतर गालांवर आणि वरच्या ओठावर वांगाचे डाग उठले, त्याला सहा वर्षं झाली. सासूबाईंनी जायफळ दुधात उगाळून दिलं, ते महिनाभर नेमाने लावलं. डाग हलले नाहीत.

मी बी.एस्सी.च्या मुलांची बायोकेमिस्ट्रीची प्रॅक्टिकल्स घेते. बटाट्याची सालं वाटून गाळायची, त्या पाण्यात कॅटेकॉल घालायचं आणि नळी तपकिरी होताना बघायची. चिरलेलं वांगं काळं पडतं तेही याच प्रकारच्या विकरामुळे, म्हणजे एन्झाइममुळे. आपल्या त्वचेत त्याचा भाऊबंद असतो टायरोसिनेज. त्याच्या गाभ्यात तांब्याचे दोन अणू असतात. टायरोसीनपासून डोपाक्विनोन तो करतो आणि तिथून मेलॅनिनची, म्हणजे त्वचेच्या रंगद्रव्याची, वाट सुरू होते. त्यामुळे क्रीमच्या खोक्यावर ‘टायरोसिनेज रोखतं’ असं दिसलं की मी पुढचं बारीक अक्षर वाचतेच.

पहिली बाटली होती लायपोसोमल कोजिक ॲसिडची. कोजिक ॲसिड जपानमध्ये तांदळावरच्या कोजी बुरशीतून 1907 साली मिळालं. ते विकरातलं तांबं धरून ठेवतं. लायपोसोम म्हणजे फॉस्फोलिपिडची सूक्ष्म पोकळ गोळी. आत औषध भरायचं आणि त्वचेचा वरचा तेलकट थर ओलांडायला मदत करायची, हा उद्देश. कल्पना चुकीची नाही. कोजिक ॲसिडचा रेणू लहान असला तरी पाण्याकडे ओढ असलेला आहे, त्या थरातून सहज जात नाही. क्रीम हलकं, चिकट नाही, वासही सौम्य. चार महिने रोज रात्री लावलं. डाव्या गालावर थोडी जळजळ झाली. डागात मला फरक दिसला नाही.

मग त्या ‘रोखतं’चा माग काढला. अशा बहुतेक चाचण्या अळिंबीच्या टायरोसिनेजवर होतात, कारण ते स्वस्त आणि पाण्यात विरघळणारं. आम्हीही कॉलेजात तेच मागवतो. माणसाचं टायरोसिनेज मेलॅनोसोमच्या (पेशीतल्या मेलॅनिन बनवणाऱ्या पिशवीच्या) पडद्यात रुतून बसलेलं असतं, घडणही वेगळी. हांबुर्गच्या बायर्सडॉर्फ कंपनीच्या संशोधकांनी मानवी टायरोसिनेज तयार करून त्यावर 50,000 संयुगं तपासली आणि 2018 मध्ये निकाल छापला. त्यातून निवडलेलं थायामिडॉल मानवी विकराची क्रिया 1.1 मायक्रोमोलरला निम्मी करतं (मायक्रोमोलर हे द्रावणातल्या प्रमाणाचं एकक; आकडा जितका लहान तितका रेणू प्रभावी). अळिंबीच्या विकराला त्यासाठी 108 लागतात. त्याच तपासणीत कोजिक ॲसिडला मानवी विकराची क्रिया निम्मी करायला 500 मायक्रोमोलरहून जास्त लागतं असं दिसलं. हे वाचून मी खुर्चीतून उठले. इतकी वर्षं मुलांना ‘विकराला साजेसा रेणू’ शिकवते आणि स्वतःच्या गालावर मात्र दुसऱ्याच कुलपाची किल्ली फिरवत होते. गोळीने ती किल्ली दारापर्यंत नेली असेलही, पण तिथे लागणार कशी?

थायामिडॉलच्या सीरमला आता 14 आठवडे झाले. सकाळी आणि रात्री, दोन थेंब, डागावर आणि थोडं भोवती. जळजळ एकदाही नाही. उजव्या गालाचा डाग साधारण आठव्या आठवड्यापासून कडेने विरत आला. त्याच खिडकीत, त्याच वेळी दर रविवारी फोटो काढते, त्यात स्पष्ट दिसतं. डावा गाल हळू. वरच्या ओठावरचा तसाच आहे. तिथला रंग खोलवर, आतल्या त्वचेत उतरलाय आणि तिथे कुठलंच लावायचं औषध फारसं पोचत नाही, हे माझ्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी आधीच सांगितलं होतं.

दोन गोष्टी विकत घेण्याआधी लक्षात ठेवा. थायामिडॉलवरचं हे संशोधन ते विकणाऱ्या कंपनीचंच आहे. 2 टक्के हायड्रोक्विनोनशी (डाग फिके करण्याच्या जुन्या औषधाशी) तुलना करणारा 12 आठवड्यांचा अभ्यासही त्यांचाच, म्हणून मी स्वतःचे फोटो मोजून बघते. दुसरं, या काळात मी आयर्न ऑक्साइड असलेलं रंगीत सनस्क्रीन लावते, ढगाळ दिवशीसुद्धा. वांगाच्या डागांना नुसतं अतिनील नव्हे, दिसणारा उजेडही गडद करतो आणि साधं पारदर्शक सनस्क्रीन तो अडवत नाही. कोजिकच्या चार महिन्यांतही हेच सनस्क्रीन होतं, म्हणून उजव्या गालाचं श्रेय मी सीरमला देते.

थायामिडॉलला पाचपैकी चार. कोजिकच्या क्रीमला दोन, तेही तिच्या लायपोसोमसाठी. अर्धी उरलेली ती बाटली मी प्रयोगशाळेत नेली आहे. सोमवारी मुलं ती बटाट्याच्या सालीवर चालवून बघणार आहेत.