घरफाळा मोबाईलवर भरावा की खिडकीवर?

घरफाळ्याच्या, म्हणजे मालमत्ता कराच्या, बिलात ‘मागील बाकी’च्या रकान्यात शून्य असेल, नाव स्वतःचं असेल आणि क्षेत्रफळ बरोबर असेल, तर हे वाचत बसू नका. महापालिकेच्या संकेतस्थळावर जा, बिलावरचा नंबर टाका, यूपीआयने पैसे भरा, पावतीची पीडीएफ उतरवून घ्या. संपलं. प्रश्न उरतो तो बाकीच्यांचा, आणि कोल्हापुरात बाकीचे काही कमी नाहीत. पेठेतलं जुनं घर, त्यात तीन भावांचे तीन संसार आणि बिल अजून आजोबांच्या नावावर. खाली गाळा, वर घर. बिल्डरच्या नावावरून अजून न उतरलेला फ्लॅट. अशांनी भरणा कुठे करायचा हे थोडं विचार करून ठरवावं.

दोन्ही वाटांनी पैसे एकाच तिजोरीत जातात. तरी मी खिडकीकडे झुकलो आहे, आणि त्याचं कारण एकच आहे. पण आधी मोबाईलच्या बाजूने जे बोलायला हवं ते बोलून घेऊ.

घरफाळ्याची मागणी वर्षाची असली तरी सहामाहीने देय होते, 1 एप्रिल आणि 1 ऑक्टोबरला. बिल हातात पडलं नाही म्हणून मुदत थांबत नाही. त्यामुळे बिलाची वाट न पाहता एप्रिलमध्येच ऑनलाइन आपली बाकी बघून घेणं ही सगळ्यात चांगली सवय, मग पैसे कुठेही भरा. पुण्या-मुंबईत किंवा परदेशात असलेल्या मुलांना आई-वडिलांचा घरफाळा भरायचा असेल तर दुसरा सोपा मार्गच नाही. पावतीचंही तेच. खिडकीवरची छापील पावती चार-पाच वर्षांत पुसट होते, आणि नेमकी तेव्हाच ती कुणीतरी मागतं. पीडीएफला ते भय नाही. खिडकीवरची पावती हातात आली की लगेच फोटो काढून ठेवला तर हा फरक बराच कमी होतो, एवढं मात्र सांगायला हवं.

आता ते एक कारण. ऑनलाइन भरताना पैसे आधी जातात आणि प्रश्न नंतर विचारावा लागतो. एरवी याने काही बिघडत नाही. बिघडतं ते मागील बाकीत.

समजा चालू वर्षाची मागणी 9,600 रुपये आहे आणि मागील बाकी म्हणून 3,200 दिसतात. ही रक्कम दोन वर्षांपूर्वीची, आणि ती भरल्याची पावती तुमच्याकडे आहे. मग ती बाकी राहिली कशी? नेहमीची कारणं तीन-चारच असतात. नंबरातला एक आकडा चुकून रक्कम शेजारच्या फ्लॅटच्या खात्यावर जमा झाली. चेक वटला नाही आणि कळवल्याचं पत्र जुन्या पत्त्यावर गेलं. सवलतीची मुदत हुकल्यावरही सवलत वजा करून रक्कम भरली, तेवढा फरक तसाच राहिला. किंवा मिळकतीचे दोन भाग पडले आणि जुनं खाते बंदच झालं नाही. थकबाकीवर दरमहा 2 टक्के शास्ती, म्हणजे दंड, लागते. म्हणजे 3,200 वर महिन्याला 64 रुपये, वर्षाला 768, दोन वर्षांत 1,536.

तुम्ही म्हणता, जुनं नंतर बघू, चालू वर्षाचे 9,600 तरी भरून टाकू. इथेच फसगत होते. भरणा जमा करताना आधी जुनं देणं वळतं करण्याची रीत आहे. तुमच्या 9,600 मधले 3,200 आणि शास्तीचे 1,536 आधी कापले जातात, चालू वर्षाला उरतात 4,864. राहिलेले 4,736 रुपये आता या वर्षाची थकबाकी. पूर्ण भरणा मुदतीत झाला नाही म्हणून लवकर भरण्याची सवलतही हातची जाते. आणि जी बाकी मुळात वादाची होती ती तुमच्याच पैशाने मिटली. नंतर अर्ज करायला गेलात तर खात्यावर ‘जुनी बाकी’ दिसतच नाही. दिसते ती नवीन, आणि ती खरोखरच तुम्ही भरलेली नसते. पुढच्या अर्जात हे सगळं उलगडून सांगायचं म्हणजे डोक्याला ताप.

खिडकीवर हेच काम उलट्या क्रमाने होतं. पैसे काढायच्या आधी म्हणायचं, ‘खात्याचा वर्षवार उतारा दाखवा.’ त्यात प्रत्येक वर्षाची मागणी, वसुली, शास्ती आणि शिल्लक ओळीने येते. बाकी कोणत्या वर्षाची आहे हे एकदा दिसलं की निम्मं भांडण तिथेच मिटतं. त्या वर्षाच्या पावतीची झेरॉक्स जोडून साधा अर्ज द्यायचा. त्यात मिळकतीचा नंबर, पावतीचा क्रमांक, तारीख, रक्कम, आणि ‘ही रक्कम खात्यावर जमा दिसत नाही, दुरुस्ती व्हावी’ एवढंच. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक नंबर घ्यायचा. आवक नंबर नसलेला अर्ज म्हणजे दिलाच नाही असं समजा. दुरुस्तीला वेळ लागणार असेल आणि सवलतीची तारीख जवळ आली असेल, तर चालू मागणीचा भरणा ‘हरकत राखून’ करत असल्याचं त्याच अर्जात लिहावं आणि रक्कम चालू वर्षाला जमा करण्याची विनंती करावी. ती मान्य होईलच असं नाही, पण कागदावर राहते.

दुसरी अडचण सगळ्यांना माहीत आहे: पैसे कापले, पावती आली नाही. यात दोन प्रकार आहेत आणि दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. पैसे महापालिकेपर्यंत पोहोचलेच नसतील तर रिझर्व्ह बँकेच्या 2019 च्या नियमांनुसार यूपीआयचा असा व्यवहार पाच दिवसांत आपोआप उलटायला हवा, आणि उशीर झाला तर बँकेने दिवसाला 100 रुपये भरपाई द्यायची असते. पण पैसे पोहोचले आणि फक्त खात्यावर नोंद झाली नाही, तर बँकेच्या दृष्टीने व्यवहार पूर्ण झालेला असतो. ती काहीही परत देणार नाही. तेव्हा यूपीआयचा बारा आकडी व्यवहार क्रमांक आणि बँकेचं विवरण घेऊन शेवटी खिडकीवरच जावं लागतं. कोणता प्रकार आहे हे कळेपर्यंत दुसऱ्यांदा पैसे भरू नका, आणि म्हणूनच ऑनलाइन भरणा 30 जून किंवा 31 मार्चच्या रात्रीवर ठेवू नका.

खिडकीचे तोटे लपवायचं कारण नाही. गर्दी, सर्व्हर बंद, जेवणाची सुट्टी, गाडी लावायला जागा नाही. जूनचा शेवटचा आठवडा आणि मार्चअखेर तर तिकडे फिरकूच नये. मे महिन्यातली मधल्या वारची सकाळ बरी. गांधी मैदान, शिवाजी मार्केट, राजारामपुरी आणि ताराराणी मार्केट अशी चार विभागीय कार्यालयं आहेत. नुसते पैसे भरण्यापेक्षा काही विचारायचं असेल तर आपल्याच विभागात जावं, कारण तुमच्या भागाची कागदपत्रं आणि ती जाणणारा कारकून तिथेच असतो.

गेलाच आहात तर बिलाचा वरचा भागही तपासून घ्या. कोल्हापुरात 2011 पासून आकारणी भांडवली मूल्यावर आहे. म्हणजे रेडी रेकनरचा (सरकारने ठरवलेल्या जमीन-इमारतींच्या बाजारमूल्याचा) दर, क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार, वय आणि वापर या सगळ्यांचा गुणाकार. यातला दर तुमच्या हातात नाही. क्षेत्रफळ आणि वापर मात्र तपासता येतात, आणि चुका तिथेच असतात. एक चौरस मीटर म्हणजे 10.764 चौरस फूट. बिलात 65 चौरस मीटर असेल तर ते 700 चौरस फूट झाले. तुमच्या करारातलं चटई क्षेत्र 560 असेल तर 52 चौरस मीटर. हा फरक कशाने आला, मोजमाप कोणत्या क्षेत्राचं धरलं, हे विचारायचा हक्क तुम्हाला आहे. वापराचंही तसंच. शटर काढून गाळ्याची बैठकीची खोली केली तरी नोंदीत तो बिगरनिवासीच राहतो, जोवर तुम्ही अर्ज देऊन पाहणी करून घेत नाही. ओळखायची सोपी खूण म्हणजे रोजगार हमी कर. तो बिगरनिवासी वापरावरच लागतो. राहत्या घराच्या बिलात त्या रकान्यात आकडा दिसला तर कुठला तरी भाग अजून व्यापारी नोंदलेला आहे. पाणीलाभ कर दिसला तर मात्र गोंधळू नका. तो घरफाळ्यातला आहे, मीटरवरची पाणीपट्टी वेगळी.

नावाच्या बाबतीत ऑनलाइन आणि खिडकी असा सामना होऊच शकत नाही. नुसत्या भरण्याने नाव बदलत नाही, आणि घरफाळ्याला नाव लागलं म्हणून मालकी सिद्ध होत नाही. मालकीसाठी नगर भूमापनची मिळकत पत्रिका बघायची. तिच्यावर सि.स.नं. (सिटी सर्व्हे नंबर) आणि ए, बी, सी, डी, ई यापैकी वॉर्ड असतो, घरफाळ्याचा नंबर नसतो. दोन्ही नोंदी वेगवेगळ्या कार्यालयांत आहेत आणि एक बदलली म्हणून दुसरी बदलत नाही. खरेदी झाल्यावर तीन महिन्यांत महापालिकेला कळवायचं असतं. न कळवल्यास विकणाऱ्यावरची जबाबदारी सुटत नाही. घेणाऱ्यानेही निश्चिंत राहू नये, कारण महापालिका अधिनियमाच्या कलम 141 नुसार मालमत्ता कराचा पहिला बोजा मिळकतीवर असतो. आधीच्या मालकाची थकबाकी घराबरोबर येते. म्हणून जुना फ्लॅट घेताना मोबाईलवरच्या शून्यावर न थांबता थकबाकी नसल्याचा दाखला मागावा. त्याच्या अर्जाची पोच जपून ठेवावी.

पाचगाव, उचगाव, मोरेवाडीकडे घर असेल तर हे सगळं बाजूला ठेवा. तिथे महापालिका नाही, ग्रामपंचायत आहे. आकारणी नमुना 8 मध्ये, मागणी नमुना 9 मध्ये, पावती नमुना 10 ची. तिथे खिडकीच बरी, कारण वही समोर उघडली जाते.

माझा सल्ला विचाराल तर असा. ज्या वर्षी खाते पहिल्यांदा तुमच्या हातात येतं, वारशाने किंवा खरेदीने, त्या वर्षीचा भरणा खिडकीवर, तोही शक्यतो चेकने. चेकच्या मागे मिळकतीचा नंबर आणि मोबाईल लिहा. चेकची पावती रक्कम वटेपर्यंत कच्चीच असते, म्हणून सवलतीच्या तारखेच्या निदान आठवडाभर आधी द्या. खिडकी सोडण्यापूर्वी पावतीवर नंबर, वर्ष, रक्कम आणि जमा कशात केली ते वाचा. मागे रांग कुरकुरेल, कुरकुरू दे. वर्षवार उतारा एकदा स्वच्छ झाला की पुढल्या एप्रिलपासून खुशाल मोबाईलवर भरा. काहींना पहिल्या दिवसापासून ऑनलाइनच जमतं आणि त्यांचं काही अडतही नाही, हेही खरं. फक्त मागील बाकीत शून्याऐवजी दुसरा कुठलाही आकडा दिसला, अगदी 12 रुपये असले तरी, तर ‘भरा’चं बटण दाबू नका.