मनिलातला वाडा आणि आमची ढाळज

अंबाजोगाईच्या आमच्या हौशी नाट्यगटासाठी संहिता शोधत होते, तेव्हा फिलिपिनो लेखक निक वाकीन यांचं 'द वुमन हू हॅड टू नेव्हल्स अँड टेल्स ऑफ द ट्रॉपिकल गॉथिक' हे पेंग्विन क्लासिक्सचं २०१७ सालचं पुस्तक मागवलं. विक्रेत्याने पाठवलेल्या प्रतीचा कोपरा दुमडलेला होता. दोनदा कळवलं, उत्तर आलं नाही. पण पुस्तक परत करायचं मनातही आलं नाही, कारण तोवर मी त्यातल्या कथांनंतर शेवटी असलेलं नाटक वाचायला घेतलं होतं.

नाटकाचं नाव 'अ पोर्ट्रेट ऑफ द आर्टिस्ट अ‍ॅज फिलिपिनो'. ऑक्टोबर १९४१, मनिलाच्या तटबंदीतलं जुनं इंत्रामुरोस. म्हातारे चित्रकार डॉन लोरेंझो आणि त्यांच्या दोन अविवाहित मुली, कांदिदा आणि पाउला. बाकीची भावंडं घर विकायच्या मागे लागलेली. वडिलांनी मुलींसाठी एक चित्र काढलंय: जळत्या ट्रॉयमधून बापाला पाठीवर घेऊन निघालेला ईनियस, आणि बाप-लेक दोघांचेही चेहरे चित्रकाराचेच. हे चित्र प्रेक्षकांना दिसतच नाही. ते टांगलंय रंगमंच आणि प्रेक्षक यांच्यामधल्या अदृश्य भिंतीवर. चित्र बघायला येणारा प्रत्येक जण सरळ आपल्या डोळ्यांत बघतो. नेपथ्याला एक पैसा न लागता एवढा मोठा परिणाम! वाचताना मी उठून खोलीभर फिरले.

कांदिदा उंदीर पकडण्यात पटाईत, म्हणून त्याच कामाची नोकरी मागायला सरकारी कचेरीत जाते. लाईट तोडतील या धास्तीत दोघी दिवस काढतात. इथे मला माझ्या दोन्ही आत्या आठवल्या. माळवदाच्या वाड्यात, ढाळजेत कंदील लावून बसायच्या. आजोबांच्या वह्या उर्दूत. निजामाच्या काळात शिकलेले ते, आज घरात त्या वाचणारं कुणी नाही. डॉन लोरेंझोंच्या पिढीची स्पॅनिश अशीच मागे पडली, तिच्या जागी अमेरिकनांची इंग्रजी आली. वाकीन स्वतः इंग्रजीत लिहायचे, पण त्यांचं मन त्या मागे पडलेल्या पिढीपाशी होतं.

त्यांचा जन्म १९१७चा, मनिलाच्या पाकोतला. वडील स्पेनविरुद्धच्या क्रांतीच्या लढाईतले कर्नल. शाळा अर्ध्यात सोडलेला हा मुलगा ग्रंथालयात वाचून घडला. पुढे 'फिलिपीन्स फ्री प्रेस'मध्ये मुद्रितशोधक झाला आणि मग पत्रकारिता किहानो दे मनिला या नावाने केली. रोमन लिपीत वाकीनची (Joaquin) अक्षरं उलटसुलट केली की किहानो (Quijano) होतं. १९७६ साली, राष्ट्राध्यक्ष मार्कोसच्या लष्करी कायद्याच्या दिवसांत, राष्ट्रीय कलावंत हा सन्मान देऊ केला गेला, तेव्हा कैदेतले कवी होसे लकाबा यांना सोडा, या अटीवर त्यांनी तो स्वीकारला. या माणसाने कांदिदा-पाउला का लिहिल्या, ते मला तिथे कळलं.

कथांमधली 'मे डे ईव्ह' जरूर वाचा, मध्यरात्रीच्या आरशाची. बाकीच्या काही कथांत वाक्यं फार लांबतात, धाप लागते. नाटकातही निवेदक बितोयची स्वगतं मी निम्म्यावर आणीन. मात्र त्याची जागा हलवणार नाही. तो युद्धात उद्ध्वस्त झालेल्या इंत्रामुरोसच्या ढिगाऱ्यात उभा राहून बोलतो, म्हणजे पडदा उघडतो तेव्हाच घर गेलेलं असतं.

चित्राचं काय होतं ते सांगत नाही. ला नावालची, म्हणजे मेरीमातेच्या उत्सवाची, मिरवणूक खिडकीखालून जाते तो प्रसंग आमच्याकडे दसऱ्याच्या पालखीसारखा उभा राहील, असं वाटतं. कांदिदाला मी प्रमाण मराठी देणार नाही. 'लाईट तोडायलेत का गं?' असंच ती पाउलाला विचारेल. पहिल्या प्रवेशाचं भाषांतर झालंय, बुधवारी वाचन ठेवलंय.