साडेनऊ सांगितलं, सहा निघालं: जुन्या ट्रॅक्टरच्या इंजिनापायी गेलेले ५,६४० डॉलर

आधी आकडे. इंजिन ४,८५० डॉलर, त्याला "जुळणारं" रेसचं इंधन ३८०, वाहतूक ४१०. एकूण ५,६४०. इकडे अमेरिकेच्या मिडवेस्टमध्ये जुन्या ट्रॅक्टरांच्या पुलिंगचा (जड स्लेज ओढायच्या स्पर्धांचा) नाद लागलेली आपली जी मंडळी आहेत, त्यांनी हे वाचाच. आगाऊ पैसे, गोड बोलणं, मग बंद फोन हा प्रकार सगळ्यांना ठाऊक आहे. इथे लबाडी मापात होती, म्हणून मापच सांगतो.

ट्रॅक्टर फार्मॉल एम. १९३९ ते १९५२ या काळात निघालेला. मूळ इंजिन २४८ घनइंच, बोअर (सिलिंडरचा व्यास) ३ ७/८ इंच, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ५ १/४. पेट्रोलच्या मॉडेललाही कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे पिस्टन खाली असतानाची आणि वर असतानाची जागा यांचं प्रमाण, सहाच्या खाली. केरोसीन आणि डिस्टिलेटवर चालणाऱ्यांना त्याहून कमी. पुलिंगवाले यात ४ इंची स्लीव्ह आणि पिस्टन बसवतात, मग ते २६४ घनइंच होतं. विक्रेत्यानं मला सांगितलं: डोमचे (वरून फुगीर) ४ इंची पिस्टन, कॉम्प्रेशन ९.५, पंपावरचं पेट्रोल चालणार नाही, ११० ऑक्टेनचं शिसं घातलेलं, इथेनॉल नसलेलं इंधन लागेल, आणि तेही आमच्याकडेच मिळेल.

आता तो क्षण, ज्याचा राग अजून जात नाही. त्यानं माझ्यासमोर प्लग काढला, दाबाचा गेज लावला, स्टार्टर मारला. काटा पहिल्याच ठोक्याला वर उडाला आणि १६५ पीएसआयवर थांबला. प्लग मी हातात घेतला तर आट्यांमधून तेल ओघळत होतं. चारही प्लग तसेच. मी विचारलं. तो म्हणाला, "नव्या रिंगा आहेत, जोडताना लावलेलं तेल आहे." हे उत्तर खोटं वाटावं असं नाही. नव्यानं जोडलेल्या इंजिनात तेल असतंच, हे मला माहीत होतं, म्हणून मी मान डोलावली. पण जोडतानाच्या तेलाचा थर असतो, ते ओघळत नाही. चमचाभर तेल रिंगा सील करून गेज फुगवतं. अर्धी वाटी ओतलं तर ते जागाच खातं: पिस्टनवरच्या २१६ सीसीच्या चेंबरमध्ये ५० सीसी तेल गेलं की सहाचं कॉम्प्रेशन साडेसात होतं. शिवाय पीएसआयवरून रेशो ठरत नाही. इनटेक व्हॉल्व्ह किती उशिरा बंद होतो, म्हणजे कॅम कोणता आहे, त्यावर तो आकडा हलतो. हे सगळं कळत असून मी तिथे गप्प बसलो. हेड (सिलिंडरवरचं झाकण) उघडून दाखवा म्हटलं तर तो म्हणाला, गॅस्केट वाया जाईल. गॅस्केट ३८ डॉलरची. ते ३८ मी तिथेच टेबलावर ठेवायला हवे होते.

घरी आणून हेड उतरवलं. पिस्टन ४ इंची, पण सपाट. हिशेब असा: ४ इंच बोअर, ५ १/४ स्ट्रोक, एका सिलिंडरचे १,०८१ सीसी. ९.५ हवं तर पिस्टन टीडीसीला (अगदी वरच्या टोकाला) असताना वर १२७ सीसी उरायला हवेत (१,०८१ भागिले ८.५). आठसाठी १५४, सातसाठी १८०. मोजायची रीत सोपी आहे. हेड उलटं ठेवा, व्हॉल्व्ह आणि प्लग बसवा, कडेला ग्रीस लावून वर भोक पाडलेली अ‍ॅक्रिलिकची पट्टी दाबा, ब्युरेटनं रंगीत रॉकेल सोडा आणि किती मावलं ते लिहा. तसंच पिस्टन टीडीसीला आणून ब्लॉकच्या बाजूनंही मोजा. गॅस्केट विसरू नका: ४.१ इंचाचं भोक आणि दबल्यावर ०.०६० इंच जाडी असेल तर १३ सीसी तिथेच गेले. माझी बेरीज २१६ आली. म्हणजे बरोबर सहा.

सहाच्या इंजिनाला ११० ऑक्टेन कशाला? ऑक्टेन म्हणजे नॉकिंग (मिश्रण अवेळी आपोआप पेटून ठोके पडणं) सोसण्याची ताकद; त्यातून जादा हॉर्सपॉवर निघत नाही. आणि ते इंधन ११० तरी होतं का? बिनलेबलचे पाच गॅलनचे चार कॅन, प्रत्येकी ९५ डॉलर. मोजपात्रात १० मिली पाणी, वर ९० मिली इंधन, हलवून ठेवलं. पाण्याची रेघ १९ वर आली. म्हणजे नऊ मिली इथेनॉल पाण्यात उतरलं. पंपावरच्या साध्या पेट्रोलमध्ये असतं तेवढंच, दहा टक्के. लाल रंग तेवढा वेगळा होता. ऑक्टेन घरी मोजता येत नाही, पण ही चाचणी येते. सीलबंद ड्रम नसेल तर पैसे देऊ नका.

इंधन आधी ठरवा, पिस्टन नंतर. ही इंजिनं सावकाश फिरतात, बोअर मोठं, हेड बिडाचं. मिश्रण जळायला जास्त वेळ लागतो आणि नॉकिंग लवकर येतं. माझ्या मते ८७ च्या पेट्रोलवर सातच्या आसपास थांबावं, ९१-९३ वर आठ, फार तर साडेआठ. (भारतातल्या पंपावरचा आकडा आरओएन या एकाच पद्धतीचा असतो, इथला ८७ हा दोन पद्धतींची सरासरी; ९१ आरओएन आणि इथला ८७ जवळपास एकच, नुसत्या आकड्यांची तुलना करून फसू नका.) त्यापुढे ई८५ (इथेनॉल जास्त असलेलं पेट्रोल) किंवा मिथेनॉल. ई८५ ला पेट्रोलच्या तुलनेत साधारण तीस-पस्तीस टक्के जास्त इंधन लागतं, मिथेनॉलला दुपटीहून जास्त. नुसता जेट मोठा करून भागत नाही. नीडल-सीट (कार्ब्युरेटरात इंधन सोडणारी झडप) आणि पाइपही तेवढा प्रवाह देणारे हवेत. कार्ब्युरेटरात जुना बुचाचा फ्लोट असेल तर त्यावरचं शेलॅक अल्कोहोलमध्ये विरघळतं, फ्लोट भिजून जड होतो, कार्ब्युरेटर वाहू लागतो. ई८५ मध्ये इथेनॉल ५१ ते ८३ टक्के, हिवाळ्यात कमी. प्रत्येक वेळी पाण्याची चाचणी करा. आणि पुलिंगच्या तुमच्या वर्गाच्या नियमांत कोणतं इंधन चालतं ते वाचल्याशिवाय एकही भाग मागवू नका.

तक्रारीचं काय झालं? शेरीफच्या ऑफिसात सांगितलं, हा दिवाणी मामला, इथे नाही. बँक म्हणाली, वायर (बँकेतून थेट पाठवलेले पैसे) तुम्ही स्वतः पाठवलीत, परत येणार नाही. क्रेडिट कार्डानं दिले असते तर निदान वाद घालता आला असता. हे नीट लक्षात ठेवा. मग राज्याचं ग्राहक तक्रार कार्यालय. त्यांनी तज्ज्ञाचं लेखी मत मागितलं. मी मशीन शॉपला २४० डॉलर देऊन सीसी मोजून घेतले, कागद पाठवला. फोनवरच्या बाईंनी विचारलं, कॉम्प्रेशन रेशो म्हणजे इंजिन चालू होतं की नाही तेच ना? मी समजावलं. दुसऱ्यांदा दुसऱ्या माणसाला समजावलं. सात आठवड्यांनी पत्र आलं: विक्रेत्याच्या पावतीवर "आहे त्या स्थितीत" असं लिहिलेलं आहे, तांत्रिक वादात आम्ही निर्णय देत नाही. मग तज्ज्ञाचं मत मागितलंच कशाला? माझे २४० डॉलर कोण देणार? ती लबाडी वर्षानुवर्षं चालते ती याच कागदी उत्तरांच्या जोरावर. छोट्या दाव्यांचं कोर्ट उरलं, पण दावा त्याच्या काउंटीत लावावा लागणार, ४३० मैलांवर.

पावतीवर बोअर, पिस्टनचा भाग क्रमांक, चेंबरचे सीसी आणि गॅस्केटची जाडी लिहून मागा. नुसतं "हाय कॉम्प्रेशन" लिहून देणाऱ्याकडून उठून या. माझ्याकडे तारीख छापलेले फोटो, मोजमापाचा कागद आणि पाण्याच्या चाचणीचे फोटो आहेत. याच माणसाकडून कुणी इंजिन घेतलं असेल तर कळवा, दोघांचे कागद मिळून दावा लावू.