साइटवरचा ३० मिलीअँपिअरचा बोर्ड: तीन महिने वापरून

मी वाकडला छोटी बांधकामं घेतो. गेल्या पावसाळ्यात स्लॅब भरताना व्हायब्रेटरच्या मोटरला हात लागला आणि आमचा एक पोरगा फेकला गेला. वाचला, नशीब. बोर्डावर १६ अँपिअरची एमसीबी (जास्त करंट ओढला की आपोआप बंद होणारा स्विच) होती, ती हललीसुद्धा नाही. हलणार कशी? तिचं काम वायर जळू न देणं. माणसाचा जीव जायला अँपिअरचा दहावा भागही पुरतो.

मग पुण्यात विजेचं सामान मिळतं त्या तपकीर गल्लीतून हा तयार बोर्ड आणला. साडेसहा हजार. पत्र्याची पेटी, चार इंडस्ट्रियल सॉकेट, आत ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे तेवढा करंट बाहेर जमिनीत गळला की लगेच वीज तोडणारा स्विच (आमचे वायरमन अजून ईएलसीबीच म्हणतात). दुकानदार आधी १०० मिलीअँपिअरची स्वस्तातली देत होता. ती घेऊ नका. माणसासाठी ३०चीच हवी.

पहिल्या आठवड्यात रोज ट्रिप. मिस्त्री वैतागले, "शेठ, डायरेक्ट करून टाका, माल सेट होतोय." मी नाही म्हटलं आणि एकेक पिन काढून बघितलं. कटरची पिन काढली की बोर्ड टिकायचा. त्याची केबल सळयांच्या भाऱ्याखाली दबली होती. वरचं रबर नखाएवढं फाटलेलं, आत तांबं चमकत होतं, आणि खाली क्युरिंगचं, म्हणजे काँक्रीटवर मारलेलं पाणी. तिथून दिवसभर अनवाणी पोरं ये-जा करत होती. तिथं मला बोर्डाचे पैसे वसूल झाले.

सॉकेटमध्ये काडी खोचून उघडी वायर घालायची सवय यामुळे सुटली, कारण या सॉकेटात वायर बसतच नाही. प्रत्येक मशीनला योग्य पिन लावून घ्यावी लागली, तो खर्च वेगळा धरा.

खोट सांगतो. केबल आत येते तिथली ग्लँड ढिली होती, पाणी शिरलं असतं. ती बदलून घेतली. पेटीचे पायही बुटके आहेत, मी विटांवर ठेवतो. आणि अर्थिंग दुकानदार देत नाही, ते साइटवर आपणच करायचं. टेस्टचं बटण दाबून बोर्ड ट्रिप झाला म्हणजे अर्थिंग ठीक आहे असं समजू नका, त्या बटणाला अर्थिंग कळत नाही. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम धरले तरी हा वाचवत नाही, हे पोरांना मी स्वतः सांगितलं.

रोज सकाळी काम सुरू करायच्या आधी बटण मुकादम दाबतो. दुसऱ्या साइटसाठी कालच अजून एक सांगितला, ग्लँड घट्ट बसवून द्यायच्या अटीवर.