फायटोझोम: सरकारी निधीतून उभे राहिलेले वनस्पती-जीनोमचे भांडार

जैवइंधनाच्या संशोधनावर सरकारने केलेला खर्च कोणाच्या हाती काय देऊन गेला, हे प्रयोगशाळेबाहेरच्या माणसाला सहसा कळत नाही. वनस्पतींचे जीनोम, म्हणजे त्यांची संपूर्ण जनुकीय माहिती, साठवणाऱ्या फायटोझोम या संकेतस्थळावर मात्र ते कोणालाही तपासून पाहता येते. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या निधीवर चालणाऱ्या जॉइंट जीनोम इन्स्टिट्यूटने ते उभारले आहे. ही संस्था १९९७ मध्ये मानवी जीनोम प्रकल्पासाठी स्थापन झाली आणि नंतर इंधनाच्या दृष्टीने महत्त्वाच्या वनस्पती व सूक्ष्मजीवांकडे वळली.

येथे काय मिळते, यापेक्षा ते मिळायला किती वर्षे लागली, हे मला अधिक मोलाचे वाटते. पॉपलर या वृक्षाचा जीनोम २००६ मध्ये प्रसिद्ध झाला, ज्वारीचा २००९ मध्ये. पण गुणसूत्रांचे चार संच बाळगणाऱ्या स्विचग्रास या गवताचा सविस्तर जीनोम यायला २०२१ उजाडले, आणि त्याहूनही गुंतागुंतीच्या उसाच्या आर५७० या वाणाचा तर २०२४. नफ्याची खात्री नसताना एवढा धीर सार्वजनिक निधीच धरू शकतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रत्यक्ष वापरात मी ज्वारीतील लिग्निन, म्हणजे ताटाला कडकपणा देणारा पदार्थ, तयार करणारी जनुके शोधून पाहिली. पेशीभित्तिकेतील सेल्युलोजला लिग्निन घट्ट वेढून असते, त्यामुळे ताटांतील शर्करा मोकळी करून तिचे इथेनॉल करणे अवघड जाते. ज्या ज्वारीच्या पानांची मधली शीर तपकिरी दिसते, तिच्यात हे लिग्निन कमी असते, आणि त्यामागचे एक कारण म्हणजे लिग्निन घडवण्यात भाग घेणाऱ्या सीओएमटी या विकराच्या (एन्झाइमच्या) जनुकातील बिघाड. ते जनुक शोधावे, गुणसूत्रावरील त्याची जागा पाहावी आणि त्याच कुळातील जनुके पॉपलरमध्ये कोणती आहेत हे ताडून पाहावे, हा सारा प्रवास येथे एकाच ठिकाणी होतो, आणि तोही विनामूल्य.

उणिवाही आहेत. माहिती उतरवून घेण्यासाठी नोंदणी करावी लागते, ती एक वेळ चालेल. अधिक त्रास होतो तो जीनोमची आवृत्ती बदलली की जनुकांची ओळखनावे बदलतात याचा; ज्वारीवरील जुन्या शोधनिबंधातील नाव नव्या आवृत्तीत जसेच्या तसे सापडत नाही आणि दोन्हींचा मेळ घालण्यात वेळ जातो. शिवाय काही जीनोम अजून पूर्ण प्रसिद्ध झालेले नसतात आणि त्यांच्या वापरावर अटी असतात, त्या आधी वाचणे आवश्यक आहे. जीवशास्त्राची ओळख नसलेल्यासाठी मार्गदर्शन तोकडे आहे; सार्वजनिक पैशातून उभ्या राहिलेल्या सेवेत ही त्रुटी मला खटकते.

पदव्युत्तर विद्यार्थी आणि पीकसुधारणेवर काम करणारे संशोधक यांना मी हे भांडार निःशंकपणे सुचवेन. नवख्याने सुरुवात उसापासून न करता ज्वारीपासून करावी. तिचा जीनोम आटोपशीर आहे.