व्हेप की निकोटीन गम? थोटूक नसण्याचा त्रास

सिगारेट सोडायचं ठरलंय, पण कशाच्या आधाराने ते ठरत नाहीये, अशा आपल्याकडच्या मंडळींसाठी हे लिहितोय. त्यातही आखातात किंवा बोटीवर असणाऱ्यांसाठी जास्त. दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठल्याही वाडीत जा, कोणी ना कोणी दुबई-कुवेतला किंवा बोटीवर असतोच. या लोकांपुढे दोन वाटा असतात. एक तिकडच्या दुकानातला व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, आणि दुसरी इकडच्या मेडिकलमधला निकोटीनचा गम. मी दोन्ही वापरलेत. दुबईत नोकरी होती तोवर व्हेप, कायमचा गावी आलो तेव्हा गम. सिगारेटने काय होतं हे तुम्हाला सांगायला नको, ते सगळं पाकिटावर चित्रासकट छापलेलं असतं.

आधी कायद्याचं उरकून घेऊ. गंमत अशी की 2019 च्या एप्रिलमध्ये संयुक्त अरब अमिरातीने ई-सिगारेटच्या विक्रीला परवानगी दिली आणि त्याच वर्षी 18 सप्टेंबरला आपल्याकडे बंदीचा वटहुकूम निघाला. डिसेंबरात त्याचा कायदा झाला. उत्पादन, आयात, विक्री, वाहतूक, जाहिरात, साठवण, सगळंच बंद. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. नुसत्या साठवणुकीलाही सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड आहे. तेव्हा चॉकलेटं आणि अत्तराच्या बाटल्यांबरोबर मावसभावासाठी एक व्हेप टाकू बॅगेत, असं कोणाच्या मनात असेल तर ते तिथेच सोडा.

याचा परिणाम सुट्टीवर होतो आणि त्याचा विचार कोणी आधी करत नाही. अकरा महिने व्हेपवर काढलेला माणूस गणपतीला घरी येतो. यंत्र दुबईच्या खोलीवर राहिलेलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आरती आटोपून पोरं नाक्यावरच्या टपरीवर जमतात आणि याच्या हातात पुन्हा सिगारेट. असे दोन-तीन जण माझ्या चांगल्या ओळखीतले आहेत.

आता व्हेपबद्दल न्यायाने बोलायचं तर समाधान पुष्कळ मिळतं, हे मान्य करायलाच हवं. हाताला काम मिळतं, ओठाला काहीतरी लागतं, घशाला झटका बसतो, धूर दिसतो. सिगारेट सोडणाऱ्याला निकोटीनइतकीच या सगळ्याची सवय असते. कपड्यांना वास येत नाही, सकाळचा खाकरा कमी होतो. आणि हे माझं एकट्याचं मत नाही. 2019 मध्ये ब्रिटनमधल्या एका चाचणीचे आकडे आले. सिगारेट सोडू पाहणारे 886 जण, निम्म्यांना ई-सिगारेट, निम्म्यांना गम, पॅच (अंगावर चिकटवायचा निकोटीनचा तुकडा) वगैरे. वर्षाने पाहिलं तर ई-सिगारेटवाल्यांपैकी 18 टक्के सिगारेटपासून लांब राहिले होते, दुसऱ्या गटातले 9.9 टक्के. दोन्ही गटांना समुपदेशनही होतं. म्हणजे नुसत्या यशापयशाच्या हिशेबात व्हेप पुढे आहे, आणि मी पुढे जे म्हणणार आहे ते हा आकडा लक्षात ठेवूनच वाचा.

तक्रारी ऐकायच्या तर कुठल्याही व्हेपवाल्याच्या शेजारी पाच मिनिटं बसा. कॉइल, म्हणजे लिक्विड तापवणारी तार, जळते. आतल्या कापसापर्यंत लिक्विड पोचायच्या आत झुरका मारला की कापूसच करपतो, आणि ती चव जिभेवरून दुपारपर्यंत जात नाही. पॉड, म्हणजे लिक्विडची डबी, गळतो; उन्हात उभ्या गाडीत राहिला की लिक्विड पातळ होऊन जास्तच गळतो आणि विमानात हवेचा दाब बदलला की खिशात गळतो. तोंड कोरडं पडतं, घसा खवखवतो, कोणाला सुका खोकला लागतो. नेमकी गरज तेव्हा चार्ज संपलेला असतो. चव काही आठवड्यांनी कळेनाशी होते, मग आंब्यावरून पुदिन्यावर, पुदिन्यावरून आणखी कशावर. (हापूस म्हणून जे विकतात त्याबद्दल रत्नागिरीच्या माणसाने न बोललेलंच बरं.) या तक्रारी खऱ्या आहेत, पण यातल्या एकीनेही मी व्हेप सोडला नसता. वस्तू म्हटली की बिघडायचीच.

मला नकोसं झालं ते वेगळंच. त्याला थोटूक नाही.

सिगारेट कशीही असो, ती संपते. बोटाला चटका बसायला लागतो, आपण ती चिरडतो, पुन्हा कामाला लागतो. पुढची पेटवायची तर पाकीट काढावं लागतं, आत किती राहिल्यात ते दिसतं, बाहेर जावं लागतं. व्हेपमध्ये यातलं काहीच होत नाही. दोन झुरके मारून खिशात, दहा मिनिटांनी पुन्हा दोन. जिन्यात, लिफ्टची वाट बघताना, न्हाणीघरात, अंथरुणात. वास नसल्यामुळे कोणी हटकत नाही आणि कुठे थांबायचं हे सांगणारंही काही नाही. रात्री जाग आली की पाणी प्यायच्या आधी माझा हात उशीखाली जायला लागला. सिगारेट ओढत होतो तेव्हा मी रात्री कधीही उठून ओढली नव्हती.

यात लिक्विडचाही हात आहे. जुन्या पद्धतीचं लिक्विड जास्त ताकदीचं असलं की घसा पकडायचं, त्यामुळे माणूस आपोआप आवरायचा. निकोटीन सॉल्ट, म्हणजे आम्ल मिसळून घशाला कमी लागेल असं केलेलं निकोटीन, आल्यापासून तो अडसरही गेला. ताकद जास्त असूनही धूर घशातून गुळगुळीत उतरतो. 20 मिलिग्रॅमचं म्हणजे दर मिलिलिटरला 20 मिलिग्रॅम निकोटीन. दोन मिलिलिटरच्या पॉडमध्ये 40 मिलिग्रॅम झालं. हा हिशेब कागदावर सोपा आहे, पण दिवसभरात त्यातलं किती ओढलं हे मला कधीच सांगता आलं नाही. खोक्यावर लिहिलेलं असतं 600 पफ, काहींवर हजारो. सहाशे झुरके मोजत कोण बसतो? पूर्वी मला विचारलं असतंत तर आज किती झाल्या ते लगेच सांगितलं असतं, थोड्या कमी करून का होईना.

वर सांगितलेल्या चाचणीत आणखी एक आकडा आहे. वर्षाने जे सिगारेटपासून लांब राहिले, त्यांच्यातले ई-सिगारेटवाले 80 टक्के तेव्हाही ई-सिगारेट ओढतच होते. गम-पॅचवाल्यांमध्ये तसे 9 टक्केच. काहींच्या मते यात वाईट काही नाही. सिगारेटपेक्षा हे बरं, आणि पुन्हा सिगारेटकडे जाण्यापेक्षा तर खूपच बरं. असेलही. मला मात्र सोडायचं होतं, बदलायचं नव्हतं. ज्याला बदलून चालतं आणि जो कायम बाहेरच राहणार आहे, त्याचा हिशेब वेगळा असू शकतो.

गमकडे वळायच्या आधी पॅचबद्दल दोन शब्द, कारण डॉक्टर तोही सुचवतात. कागदावर तो सगळ्यात सोपा: सकाळी दंडावर चिकटवा आणि विसरा. 21, 14, 7 मिलिग्रॅम असे उतरत जायचं. कोकणात मे महिन्यात काम करणाऱ्या माणसाने तो विसरणं अवघड आहे. बागेत आंबा उतरवताना नऊ वाजेपर्यंत शर्ट अंगाला चिकटतो आणि पॅच शर्टाला. उरलेल्या जागी खाज. रात्री ठेवला तर स्वप्नं अशी पडतात की सकाळी दमल्यासारखं वाटतं. एसी ऑफिसात बसणाऱ्याला कदाचित छान चालेल. शिवाय आमच्या तालुक्याला तो मागवावा लागायचा.

गम बाकी कुठेही मिळतो. 2 मिलिग्रॅमचा बिनचिठ्ठीचा, 4 चा हवा तर डॉक्टरांची चिठ्ठी लागते. साधारण नियम असा की उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागत असेल तर 4 चा.

याच्याही तक्रारी कमी नाहीत. पहिले काही दिवस तो मिरी चघळल्यासारखा लागतो. लोक नेहमीच्या च्युइंगगमसारखा चावत सुटतात, मग निकोटीन लाळेबरोबर पोटात जातं आणि उचक्या, जळजळ, मळमळ. रीत अशी की हळूहळू चावायचा, चुणचुण सुरू झाली की थांबायचं आणि गाल-हिरडीच्या मध्ये सारून ठेवायचा. तंबाखूची चिमूट जिथे धरतात तिथेच. चुणचुण गेली की पुन्हा थोडा चावायचा. असा अर्धा तास. ज्यांनी आयुष्यात तंबाखू मळली आहे त्यांना हे शिकवावं लागत नाही. कवळी असेल तर मात्र गम तिला चिकटतो, आणि जबडा दुखण्याची तक्रार बहुतेक सगळ्यांची असते. गालाला फुगवटा दिसल्यावर आईने मला विचारलं होतं, "काय रे, आता गुटका सुरू केलास?" पट्टी दाखवली तरी तिचा विश्वास बसायला वेळ लागला.

पण कोकणातली खरी अडचण आहे आमसुलाची, आणि ती पट्टीवरच्या इवल्याशा अक्षरांत कोणी वाचत नाही. निकोटीन तोंडाच्या आतून रक्तात उतरायला तोंड जरासं खारं, म्हणजे सोडा टाकल्यासारखं लागतं. गममध्ये तसा सोडा घातलेलाच असतो. तोंडात आंबट असलं की तो निकामी होतो. म्हणून कॉफी, कोल्ड्रिंक, फळांचा रस घेतल्यावर पंधरा मिनिटं थांबायचं. आता आपल्याकडे सिगारेटची सगळ्यात मोठी तलफ येते जेवल्यावर, आणि जेवण संपतं सोलकढीवर. सोलकढी पिऊन लगेच गम तोंडात टाकला तर तो नुसता रबर. दुपारी कोणाच्या ओटीवर टेकलात की कोकम सरबत पुढे येतं, तेव्हाही तेच. "गमचा काही उपयोग नाही" म्हणणाऱ्यांपैकी कितीजण त्यावर सोलकढी पीत होते हे एकदा विचारायला हवं. मी भाताच्या आधी सोलकढी संपवायला लागलो. घरच्यांना ते पटलं नाही, पण चुळा भरून थोडं फिरून आल्यावर गम चांगला लागू पडायला लागला.

आणि गम मोजता येतो. पट्टीतून एक फोडला की एक खड्डा रिकामा दिसतो. संध्याकाळी पट्टी हातात घेतली की दिवस कसा गेला ते कळतं. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी, मग दोन-चार, मग चार-आठ, असा बारा आठवड्यांचा उतार खोक्यातल्या कागदावर दिलेला असतो. मी तो तंतोतंत पाळला असं नाही, पण उतरतोय की चढतोय हे मला दर दिवशी दिसत होतं. थोटुकाची जागा या खड्ड्यांनी भरून काढली. गम चघळण्याची सवय लागून तो वर्षानुवर्षं न सुटणारे लोकही आहेत, हे सांगायला हवं. माझा शेवटी शेवटी खिशात नुसताच राहायला लागला.

बोटीवरच्यांना एक गोष्ट सांगतो. हा गम मुळात तुमच्यासारख्यांकडे बघूनच सुचला. 1967 च्या सुमारास स्वीडनमधल्या लुंडच्या संशोधकांच्या लक्षात आलं की पाणबुडीत सिगारेट ओढता येत नाही म्हणून खलाशी तंबाखू तोंडात धरून वेळ निभावतात. त्यावरून उवे फेर्नो यांनी निकोटीनचा गम तयार केला. टँकरवर ठरलेल्या खोलीबाहेर काहीही ओढता येत नाही, व्हेप तर डेकवर काढायचाच नाही. वॉचवर, म्हणजे पहाऱ्याच्या पाळीवर, असताना गालात गम ठेवायला कोणाची हरकत नसते.

तेव्हा तुम्ही आणखी पाच-सात वर्षं तिकडेच असाल, गम आधी करून पाहिलाय आणि जमला नाही, तर व्हेपचा विचार करायला मी नाही म्हणणार नाही. फक्त सॉल्टचं जोरदार लिक्विड आणि फेकून द्यायचे व्हेप टाळा. फेकून द्यायच्या व्हेपवर ब्रिटनने 1 जून 2025 पासून बंदीच आणली आहे. पण वर्षातून महिना-दोन महिने घरी येत असाल, किंवा परत यायचा विचार डोक्यात असेल, तर मला गमच सोयीचा वाटतो. हृदयाचा त्रास असेल किंवा घरात कोणी गरोदर असून तिला सोडायची असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. 1800-11-2356 हा सरकारी फुकट नंबर सिगारेटच्या पाकिटावरच असतो, तिथेही बोलता येतं.

आणि सुट्टीवर येताना गम गावी पोचल्यावर घेऊ म्हणू नका. मुंबईत उतरलात की तिथल्याच मेडिकलमधून दोन पट्ट्या घ्या. गाडी पनवेल सोडून पेणच्या पुढे चहाला थांबते, तिथे ड्रायव्हर पहिली सिगारेट पुढे करतो.