व्हीएमवर कोणाला काय करता येतं? पॉवरसीएलआयच्या रिपोर्टचा सहा महिन्यांचा अनुभव

व्हीसेंटर या व्हीएमवेअरच्या व्यवस्थापन सर्व्हरमधल्या व्हीएमवर (आभासी मशीनवर) कोणाकोणाला कोणती परवानगी आहे, हे दर महिन्याला ऑडिटला दाखवायचं असेल तर पॉवरसीएलआय, म्हणजे त्यासाठीच्या पॉवरशेल कमांडांचा संच, हे सगळ्यात जवळचं साधन. सहा महिने नियमित चालवल्यानंतरचं मत असं: परवानग्यांची यादी काढायला ते झकास आहे, पण ‘या माणसाला या व्हीएमवर प्रत्यक्षात काय करता येतं’ याचं उत्तर त्या यादीत आयतं नसतं. ते स्क्रिप्टला हिशोब करून काढावं लागतं, आणि खरं काम तिथेच आहे.

सुरुवात सगळे एकाच ओळीने करतात. गेट-व्हीएमचं आउटपुट पाइपने गेट-व्हीआयपर्मिशनला द्यायचं, एन्टिटी, प्रिन्सिपल (ज्याला परवानगी दिली तो माणूस किंवा ग्रुप), रोल (हक्कांचा संच), इजग्रुप (तो ग्रुप आहे का) आणि प्रोपगेट (परवानगी खालच्या वस्तूंवर उतरते का) हे रकाने निवडायचे आणि एक्स्पोर्ट-सीएसव्ही करायचं. फाइल तयार होते, दिसतेही छान. पण एन्टिटी या रकान्यात व्हीएमचं नाव येईल असं गृहीत धरलं असेल तर तिथे भलतीकडेच ‘डेटासेंटर्स’ किंवा एखाद्या फोल्डरचं नाव दिसतं. कारण परवानगी जिथे दिली आहे ती जागा तो रकाना सांगतो, तुम्ही विचारलेली व्हीएम नाही. उपाय सोपा आहे: बाहेरचा लूप व्हीएमवर चालवायचा, तिचं नाव स्वतः लिहायचं आणि एन्टिटी हा रकाना ‘परवानगी कुठे दिली’ या नावाने वेगळा ठेवायचा. दोन्ही एकच असतील तर परवानगी थेट दिलेली, नसतील तर वरून आलेली. हा दुसरा रकाना रिपोर्टमध्ये सगळ्यात कामाचा ठरतो. शेकडो ओळींमध्ये खटकणारी परवानगी अनेकदा रूट फोल्डरवरच्या एकाच नोंदीतून आलेली असते, आणि ती नोंद तिथे दुरुस्त केली की सगळ्या ओळी एकदम जातात.

गेट-व्हीएम टेम्प्लेट देत नाही, हे लक्षात यायला बऱ्याच जणांना वेळ लागतो. टेम्प्लेटवर कोणाचा हात आहे हे तर आधी कळायला हवं, कारण नवीन मशीन तिथूनच निघतात. एक तर गेट-टेम्प्लेट वेगळं चालवावं, नाहीतर गेट-व्ह्यूला व्हर्च्युअलमशीन हा प्रकार द्यावा. त्यात दोन्ही येतात. नावावर मात्र भरवसा नको. वेगवेगळ्या फोल्डरमध्ये एकाच नावाच्या दोन व्हीएम असू शकतात, म्हणून ओळख पटवण्यासाठी मोरेफ आयडी (व्हीसेंटरने प्रत्येक वस्तूला दिलेली अंतर्गत खूण) ठेवावा. नावात तिरपी रेघ असेल तर एपीआय ती टक्का-दोन-एफ अशी देतं. छापण्याआधी ती परत बदलून घ्यावी. ‘व्हीसीएलएस’ने सुरू होणाऱ्या व्हीएम व्हीस्फिअर (व्हीसेंटर ज्याचा भाग आहे तो संच) ७.० अपडेट १ पासून क्लस्टर (सर्व्हरचा गट) स्वतः बनवतो, त्या गाळल्या तरी चालतं.

वेगाबद्दल. प्रत्येक व्हीएमसाठी गेट-व्हीआयपर्मिशन म्हणजे हजार व्हीएमना हजार हेलपाटे. त्याऐवजी परवानग्या सांभाळणारा व्हीसेंटरचा ऑथोरायझेशनमॅनेजर घेऊन रिट्रीव्हऑलपर्मिशन्स एकदाच बोलवावं. सगळ्या नोंदी एका झटक्यात हातात येतात. मग गेट-व्ह्यूने व्हीएम, फोल्डर, डेटासेंटर, होस्ट (व्हीएम चालवणारा सर्व्हर), क्लस्टर आणि रिसोर्स पूल (सीपीयू-मेमरीचा वाटा) यांचे फक्त नाव आणि पेरेंट (लगेच वरची वस्तू), आणि व्हीएमचे रिसोर्स पूल व पेरेंटव्हीॲपही, एवढेच गुणधर्म मागवून वारसा (वरून उतरणाऱ्या परवानग्या) मेमरीतच जोडायचा. व्हीसेंटरवरचा भार लगेच उतरतो. इथे रोल आकड्यात मिळतो: ॲडमिन उणे १, रीडओन्ली उणे २, नोॲक्सेस उणे ५. रोललिस्टचा हॅशटेबल आधी करून ठेवला की नाव लावता येतं. ते नाव स्क्रीनवरच्या नावापेक्षा वेगळं असू शकतं: स्क्रीनवर ‘ॲडमिनिस्ट्रेटर’, स्क्रिप्टमध्ये ‘ॲडमिन’. ऑडिटर या फरकावर हटकून प्रश्न विचारतो, तेव्हा लेबलचा रकाना शेजारी दिलेला बरा.

आता वारशाचं गणित. बहुतेक तयार स्क्रिप्ट इथेच चुकतात. व्हीएमला वरच्या बाजूला दोन वाटा असतात: एक व्हीएम फोल्डरची, दुसरी रिसोर्स पूल, क्लस्टर किंवा होस्टची. परवानग्या दोन्हींकडून उतरतात. फोल्डरवर कोणाचा रोल कमी केला आणि क्लस्टरवर तसाच ठेवला, तर त्या माणसाचे हक्क कमी होत नाहीत. फक्त पेरेंट धरून वर चढणारी स्क्रिप्ट अर्धाच रिपोर्ट देते. व्हीॲपमधल्या (एकत्र बांधलेल्या व्हीएमच्या गटातल्या) व्हीएमचा पेरेंट रिकामा असतो, तिथे पेरेंटव्हीॲप पाहावा लागतो. टेम्प्लेटला रिसोर्स पूल नसतो. या दोन्ही रिकाम्या जागा हाताळल्या नाहीत तर स्क्रिप्ट एरर देते, किंवा त्याहून वाईट म्हणजे गप्प राहून ओळी गाळते.

पुढचे नियम असे. खालच्या वस्तूवर दिलेली परवानगी वरून आलेलीला मागे सारते. एकाच वस्तूवर माणसाच्या नावाने नोंद असेल तर ती ग्रुपच्या नोंदीपेक्षा वरचढ. एकाच वस्तूवर दोन ग्रुपना वेगवेगळे रोल असतील आणि माणूस दोन्हींत असेल, तर दोन्हींची बेरीज मिळते. आणि विंडोजच्या फोल्डरमध्ये वारसा तोडता येतो तसा इथे तुटत नाही: व्हीएमवर एका ग्रुपला नवीन रोल दिला म्हणून वरून येणारे बाकीचे ग्रुप बाजूला होत नाहीत, फरक फक्त त्या ग्रुपमधल्या माणसांना पडतो. प्रोपगेट बंद असलेली नोंद त्या वस्तूपुरतीच, ती खाली मोजायची नाही.

इफेक्टिव्हरोल नावाचा गुणधर्म पाहून मोह होतो की हिशोब आयताच मिळाला. नाही. स्क्रिप्ट ज्या खात्याने लॉगिन झाली आहे त्याचाच रोल तो सांगतो. पडताळणीसाठी त्यापेक्षा फेचयूजरप्रिव्हिलेजऑनएन्टिटीज ही पद्धत वापरावी: माणसाचं नाव आणि व्हीएमची यादी दिली की प्रत्येकीवरचे प्रिव्हिलेज (सुटे हक्क) मिळतात. दर महिन्याला पाचदहा नावं अशी तपासून आपल्या हिशोबाशी जुळवली की वारशाच्या कोडमधली चूक लगेच उघडी पडते.

ग्रुप उलगडायचे, म्हणजे त्यातली माणसं काढायची, तर ॲक्टिव्ह डिरेक्टरीकडे (एडी, वापरकर्ते आणि ग्रुप यांची नोंदवही) जावं लागतं. प्रिन्सिपल ‘डोमेन, उलटी तिरपी रेघ, नाव’ असा येतो; तो तोडून फक्त नाव गेट-एडीग्रुपमेंबरला रिकर्सिव्हसह द्यायचं. ही कमांड मोठ्या ग्रुपवर अडते, मूळ सेटिंगमध्ये मर्यादा ५,००० सदस्यांची आहे. दुसऱ्या डोमेनमधले सदस्य असतील तर तिथेही ती कुरकुरते. एलडीएपीचा (एडीत शोध घेण्याच्या पद्धतीचा) १.२.८४०.११३५५६.१.४.१९४१ हा नियम वापरून शोध घेतला तर गाडी पुढे जाते, पण ज्यांचा प्रायमरी ग्रुपच तो आहे ते त्यात येत नाहीत. व्हीसेंटरच्या स्वतःच्या व्हीस्फिअर डॉट लोकल या डोमेनमधले ग्रुप एडीत नसतातच, त्यांच्यासाठी एसएसओॲडमिन मॉड्यूल लागतं. ‘व्हीपीएक्सडी-’ने सुरू होणारी सेवाखाती वेगळ्या फाइलमध्ये टाकावीत, गाळून टाकू नयेत.

उलगडलेला आणि न उलगडलेला रिपोर्ट एकत्र करू नये. ३०० व्हीएम, प्रत्येकीवर ८ ग्रुप, ग्रुपमागे ४० माणसं म्हणजे ९६,००० ओळी. त्या कोणीही वाचत नाही. एक फाइल परवानग्यांची, दुसरी ग्रुप आणि सदस्यांची, बस्स. तेवढ्या ओळी अॅरेमध्ये अधिक-बरोबरने जोडत गेलात तर पॉवरशेल ५.१ प्रत्येक वेळी अख्खा अॅरे नव्याने लिहितं, म्हणून लिस्ट वापरावी. त्याच ५.१ मध्ये एक्स्पोर्ट-सीएसव्हीचं मूळ एन्कोडिंग आस्की आहे. देवनागरी नावांची प्रश्नचिन्हं होतात. एन्कोडिंग यूटीएफ८ आणि नोटाइपइन्फर्मेशन हे दोन्ही द्यावेत. पॉवरशेल ७ मध्ये यूटीएफ८ आपोआप असतं, पण बीओएम (फाइलच्या सुरुवातीची एन्कोडिंगची खूण) नसल्याने एक्सेल गोंधळतं; तिथे यूटीएफ८बीओएम द्यावं.

सगळ्यात फसवी चूक स्क्रिप्टच्या खात्याची. त्याला जे दिसत नाही ते रिपोर्टमध्ये येत नाही, आणि एररही येत नाही. रूटवर रीडओन्ली, प्रोपगेट चालू, एवढं पुरतं. पण मध्येच एखाद्या फोल्डरवर आणि क्लस्टरवरही त्या खात्याच्या ग्रुपला नोॲक्सेस दिला असेल तर त्या दोन्हींखालच्या व्हीएम गायब. म्हणून फाइलच्या शेवटी एकूण व्हीएमची संख्या छापावी आणि ॲडमिन खात्याने दिसणाऱ्या संख्येशी ताडून पाहावी. दोन व्हीसेंटरला एकाच वेळी जोडणी राहून गेली तर उलट होतं, ओळी दुप्पट होतात. प्रत्येक कमांडला सर्व्हर द्यावा, शेवटी डिस्कनेक्ट करावं. टास्क शेड्युलरमध्ये पासवर्डची एक्स्पोर्ट-सीएलआयएक्सएमएल फाइल वापरत असाल तर ती त्याच सेवाखात्याने, त्याच मशीनवर तयार केलेली हवी. दुसऱ्याने केलेली उघडत नाही.

काय सुटतं हेही रिपोर्टच्या पहिल्या पानावर लिहावं. व्हीस्फिअर ६.० पासून आलेल्या ग्लोबल परवानग्या इन्व्हेंटरीच्या नोंदींपासून वेगळ्या असतात. त्या क्लायंटच्या ॲडमिनिस्ट्रेशन विभागात उघडून तपासाव्यात. ईएसएक्सआय होस्टवरचे स्थानिक वापरकर्ते व्हीसेंटरच्या यादीत नाहीत, त्यासाठी होस्टला थेट जोडावं. व्हीएमवर शून्य हक्क असलेल्या माणसाकडे डेटास्टोअरच्या फाइल हाताळण्याचा हक्क असेल, तर व्हीएमडीके (व्हीएमची डिस्क फाइल) त्याच्या आवाक्यात असते. मशीनच्या आतलं, म्हणजे आरडीपी किंवा एसएसएचने दुरून लॉगिन कोणाला आहे, हे तर हा रिपोर्ट सांगूच शकत नाही.

आता दर महिन्याला पूर्ण फाइल कोणी उघडत नाही. मोरेफ, प्रिन्सिपल, रोल, कुठे दिली आणि प्रोपगेट या पाच रकान्यांवर कंपेअर-ऑब्जेक्ट चालवून मागच्या महिन्याशी फरक काढला जातो, आणि सहीसाठी तेवढाच कागद पुढे जातो. व्हीएम इन्व्हेंटरीतून काढून पुन्हा नोंदवली की तिचा मोरेफ बदलतो आणि तिच्या सगळ्या ओळी नव्या दिसतात. त्या ओळींवर तेवढा शेरा हाताने लिहावा लागतो.